बाराशे वॉटचा हिशोब

गाडीत अँप्लिफायर बसवायचा म्हटलं की लोक अँप, वूफर, वायरचा किट असं सगळं आधीच विकत घेऊन येतात, चावी माझ्या हातात ठेवतात आणि ‘संध्याकाळी येतो’ म्हणून निघून जातात. त्या दिवशी आलेल्या ताईंनी चावी दिलीच नाही. आलेख-वहीचं एक पान पुढे केलं आणि म्हणाल्या, “दादा, काम मी माझ्या हातानं करणार आहे. तुम्ही फक्त हा प्लॅन तपासून द्या. तपासायचे काय होतील ते घ्या.”

मनात म्हटलं, झालं, आता दिवस गेला. पण पान पाहिलं आणि स्टूल ओढून बसलो. बॅटरी, फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), दाराखालचा उंबरा, मागची सीट, डिकी, सगळं मापात काढलेलं. पॉवर वायरचा मार्ग दोरीनं मोजून ५ मीटर लिहिलेला. आरसीए केबल, म्हणजे डेककडून (गाडीच्या म्युझिक प्लेअरकडून) अँपला सिग्नल नेणारी तार, पॉवर वायरच्या शेजारून न नेता दुसऱ्या बाजूनं. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरपाशी फुली मारून ‘एअरबॅग, हात लावायचा नाही’. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, हेसुद्धा सगळ्यात वर.

घोळ होता तो कोपऱ्यातल्या आकड्यात. ‘१२०० वॉट, म्हणून सुमारे १०० अँपिअर’. त्यामुळे अल्टरनेटर पुरेल का, बॅटरी बदलावी लागेल का, असे प्रश्न खाली ओळीनं मांडलेले.

ताईंनी सोबत आणलेला अँप मी उलटा केला. त्याच्या पोटात २० अँपिअरचे दोन फ्यूज. म्हणजे हा अँप जास्तीत जास्त ४० अँपिअर ओढणार. इंजिन चालू असताना १३.८ व्होल्ट धरले तर आत जाणारी ताकद साधारण ५५० वॉट. हा एबी क्लासचा, त्यात बरीच ताकद उष्णतेत जाते. साठ टक्के स्पीकरपर्यंत पोचली तरी पुष्कळ. मग बाराशे येणार कुठून? माहितीपत्रकात आत बारीक अक्षरात खरं लिहिलेलं होतं: ४ ओमला प्रत्येकी ६० वॉट आरएमएस (सलग देता येणारी खरी ताकद), असे चार चॅनल. डब्यावरचा आकडा विकण्यासाठी असतो, फ्यूज वापरण्यासाठी. ताईंनी १०० खोडून ४० केलं आणि नव्या बॅटरीचा विषय तिथंच संपला.

मग किट उघडला. लाल वायर बोटाएवढी जाड, वर ‘८ गेज’. टोक कापलं तर आवरणच जास्त, धातू त्या मानानं कमी. तारा ब्लेडनं खरवडल्या. तांबूस थर निघाला आणि खाली पांढरंफटक अ‍ॅल्युमिनियम. वर फक्त तांब्याचा मुलामा. अशी तार त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा कितीतरी कमी वीज वाहते. ताईंनी तिथंच गणित केलं: खरं ८ गेज तांबं असेल तर ५ मीटरवर ४० अँपिअरला सुमारे ०.४ व्होल्ट पडतात, या तारेत ते ०.६ च्या वर जातील. शिवाय तापणार ते वेगळंच. लोक वॉटवर पैसे उधळतात आणि वायरवर वाचवतात. दिवसभर मला हेच बघावं लागतं.

त्यांच्या प्लॅनमध्ये मेन फ्यूज अँपच्या शेजारी होता. कारण विचारलं तर म्हणाल्या, “बदलायला सोपा पडेल.” मेन फ्यूज अँपला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो, हे तोंडी सांगून पटत नाही. कोपऱ्यात एक जुनी बॅटरी होती. जंपर केबलची टोकं तिच्यापासून लांब नेली, कारण बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिच्याजवळ नको. चष्मा, हातमोजे घालून बारीक वायरचा तुकडा त्या टोकांमध्ये धरला. आवरण आधी चकाकलं, मग फुगलं, मग धूर, आणि आतली तार लालबुंद. (हे घरी करू नका.) फायरवॉलच्या पत्र्याच्या कडेनं वायर सोलवटली, तर हेच गालिच्याखाली होणार आणि मागे बसलेल्या फ्यूजला त्याचा पत्ताही नसणार. ताईंनी काही न बोलता फ्यूज खोडून बॅटरीपासून वीतभर अंतरावर काढला, आणि फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट लिहिलं.

अर्थसाठी, म्हणजे अँपची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडायला, त्यांनी सीटबेल्टचा बोल्ट धरला होता. त्याला मी साफ नाही म्हणालो. तो बोल्ट जीव वाचवायला आहे. डिकीतल्या पत्र्यावर जागा शोधायची, भोक पाडण्याआधी खाली वाकून पेट्रोलची टाकी किंवा पाइप नाही ना ते पाहायचं, रंग खरवडून पत्रा उघडा करायचा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) घट्ट आवळायचा आणि मग वरून रंग लावायचा. वायर जेवढी आखूड तेवढं बरं.

सगळ्यात मजा वूफरची. त्यात ४-४ ओमच्या दोन कॉइल. मागचे दोन चॅनल ब्रिज करून (दोन्ही मिळून एक करून) त्यावर त्यांनी दोन्ही कॉइल समांतर जोडल्या होत्या, म्हणजे २ ओम. माहितीपत्रकात ब्रिजला किमान ४ ओम. ओम कमी म्हणजे ओझं जास्त; एवढ्या ओझ्यावर अँप प्रोटेक्टमध्ये जाणार, म्हणजे स्वतःला बंद करून घेणार, नाहीतर जळणार. मी म्हणालो, “सीरिजमध्ये घ्या, ८ ओम होतील. ताकद थोडी जाईल, पण सुरक्षित.” ताई क्षणभर पेन हलवत बसल्या.

“जाईल कशी, दादा? ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला निम्माच भार दिसतो ना? ८ चे ४. मग ६० आणि ६०, १२० वॉट मिळतातच की.”

बरोबर होतं. ‘थोडी जाईल’ हे सगळे दुकानदार सवयीनं म्हणतात. ब्रिजला चालणाऱ्या ४ ओमवर मिळाली असती त्यापेक्षा कमी, पण दोन्ही चॅनलची रेटिंगप्रमाणे पूर्ण ताकद.

गेनचं, म्हणजे अँपनं सिग्नल किती वाढवायचा ते ठरवण्याचं, पाच मिनिटांत झालं: स्पीकर सोडवून, डेक पाऊण आवाजावर, १ किलोहर्ट्झचा सूर लावायचा आणि मल्टिमीटरवर १५.५ व्होल्ट आले की थांबायचं, कारण ६० गुणिले ४ चं वर्गमूळ तेवढंच. ब्रिज केलेल्या जोडीला ८ ओमवर ३१, तिथं सूर ५० हर्ट्झचा. किटची वायर परत करायला सांगितली. माझ्याकडून त्यांनी तांब्याची वायर, फ्यूज होल्डर आणि लग एवढंच नेलं.

पुढं एकदा फोन आला. “बॅटरीवर १३.९, अँपच्या टर्मिनलवर १३.६, तेही दणकून वाजत असताना. पण रेस दिली की बारीक शिट्टी ऐकू येते.” आरसीए काढून पाहायला सांगितलं, काढल्यावर शिट्टी गेली. म्हणजे अँपचा अर्थ नीट होता, डेकचा ढिला. मागचा स्क्रू आवळला आणि शिट्टी थांबली.