चिकुनगुनियानंतरची पहिली शर्यत: साताऱ्याचा घाट

पुण्यात २०२४ च्या पावसाळ्यात चिकुनगुनियाची साथ आली आणि आमच्या घरी तिचा पहिला फटका मला बसला. ताप काही दिवसांत उतरला. सांधे मात्र धरलेलेच राहिले. सकाळी घोटे इतके आखडलेले असत की कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना उतरावा लागे आणि बरणीचे झाकण उघडायला मुलाला हाक मारावी लागे. नोकरी सांभाळून हौसेने हाफ मॅरेथॉन (सुमारे एकवीस किलोमीटर, म्हणजे तेरा मैल) धावणाऱ्या माझ्यासाठी पळणे हा विषयच कित्येक महिने बाजूला पडला.

या आजारात ताप गेल्यावरही सांधेदुखी महिनोन्महिने रेंगाळू शकते, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले होते. त्यामुळे पुन्हा सुरुवात केली ती चालण्यापासून, मग एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे अशी. फिजिओथेरपिस्टने दोन कसोट्या घालून दिल्या: धावताना दुखणे दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचे नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या सकाळपेक्षा वाढलेले असता कामा नये. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाच सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम रोजचा झाला. वेदनाशामक गोळी घेऊन धावायला त्यांची सक्त मनाई होती, कारण त्या गोळीने दुखण्याचा इशारा झाकला जातो आणि घाम गाळून पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडांवरचा ताणही वाढतो. पाषाण तलावाच्या बाजूला, ओळखीच्या धावपटूंनी भराभर पुढे जाताना हात करावा आणि आपण चालत राहावे, हे मनाला जड जाई. तरीही त्या दोन कसोट्यांनी मला जितका धीर दिला तितका कोणत्याही उपदेशाने दिला नसता.

घोटे साथ देऊ लागल्यावर जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण ४२.१९५ किलोमीटर धावायचे ठरवले आणि तयारीच्या मधल्या टप्प्यात एक शर्यत घ्यावी असे आमच्या कोचने सुचवले. तयारीतल्या शर्यतीची किंमत मोजावी लागते. तिच्या आधी पळणे कमी करावे लागते आणि नंतर प्रत्येक मैलामागे एक हलका दिवस असा धावपटूंचा ढोबळ हिशेब धरला, तर हाफ मॅरेथॉनसाठी जवळपास दोन आठवडे जातात. मोबदल्यात पहाटेचे खाणे पोटाला मानवते का, बूट आणि मोजे ओल्या रस्त्यावर कसे वागतात, गर्दीत आपला वेग आपल्या हातात राहतो का, हे सगळे खऱ्या परिस्थितीत तपासता येते.

बहुतेकांनी सपाट रस्त्यावरची दहा किलोमीटरची शर्यत सुचवली. मी मात्र सातारा हिल हाफ मॅरेथॉन निवडली. सपाट शर्यतीत मनगटावरचे घड्याळ प्रत्येक किलोमीटरला जुन्या वेळेची आठवण करून देते आणि आजारातून उठलेल्या माणसाला त्या तुलनेइतके घातक दुसरे काही नाही, असे माझे ठाम मत आहे. समर्थ मंदिर मागे टाकून यवतेश्वरचा घाट लागला की सपाटीवरच्या वेगाला अर्थच उरत नाही. तिथे श्वास हेच माप: शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, आणि बोलता येईनासे झाले की पावले आखूड करायची. खरा धोका होता तो परतीच्या उताराचा. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात आणि प्रत्येक पावलाचा धक्का घोट्यापर्यंत पोहोचतो. म्हणून आधीचे काही आठवडे टेकडीवरून सावकाश उतरण्याचा वेगळा सराव केला आणि शर्यतीत चढ मनापासून, उतार मात्र राखून धावायचा, असे कोचशी बोलून पक्के केले.

शर्यतीच्या दिवशी पाऊस भुरभुरत होता. शहरातून निघताना साताऱ्याची माणसे सहकुटुंब रस्त्याच्या कडेला उभी होती. लहान मुले टाळी द्यायला हात पुढे करत होती आणि एका आजींनी ‘पळ गं पोरी, वर थंडगार हाय’ असे ओरडून सांगितले. घाटात धुके इतके उतरले होते की पुढच्या वळणापलीकडचे काही दिसत नव्हते, आणि मला त्याचा फायदाच झाला, कारण उरलेला चढ डोळ्यांसमोर नव्हता. आजूबाजूचे अनेक जण चालू लागले तेव्हाही माझी आखूड पावले धावतच राहिली. आपले शरीर पुन्हा आपले ऐकते आहे, ही जाणीव त्या चढावर प्रथमच झाली आणि डोळे भरून आले.

परतताना मागून येणारे झपाझप पुढे निघून जात होते. रस्ता ओला, पांढरे पट्टे निसरडे, त्यामुळे मी त्या पट्ट्यांवर पाऊल न टाकता, टाच लांब न आपटता शरीराच्या खालीच पाय ठेवत उतरले. उजवा घोटा शेवटच्या टप्प्यात कुरकुरू लागला, पण दहापैकी दोनच्या वर गेला नाही. अंतिम रेषेवर पदक गळ्यात पडले तेव्हाही माझे लक्ष दुसऱ्या दिवशीच्या सकाळकडे लागले होते.

दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या होत्या की खुर्चीवर बसताना टेबलाचा आधार लागला. घोट्यांत मात्र नेहमीइतकाच ताठरपणा होता, आणि चहा होईपर्यंत तोही गेला. ही नोंद मी वहीत शर्यतीला लागलेल्या वेळेच्या नोंदीच्याही आधी लिहिली आणि फिजिओला फोटो पाठवला. त्यांनी पुढचे दोन आठवडे वेगाचा सराव बंद ठेवायला सांगितले आणि त्यानंतर लाँग रन, म्हणजे आठवड्यातला सर्वांत लांब पल्ल्याचा सराव, हळूहळू वाढवायला परवानगी दिली.

आता रविवारी पहाटे एनडीए रस्त्यावर तो लाँग रन सुरू आहे. मुंबईच्या मार्गावर पेडर रोडचा चढ परतताना, शर्यतीच्या शेवटच्या टप्प्यात लागतो. म्हणून कोचने लाँग रनचा शेवट चांदणी चौकाकडच्या चढावर ठेवला आहे आणि तिथेही घड्याळाऐवजी श्वासाचेच माप वापरायचे, असे आमचे ठरले आहे.