तुम्ही विचारलंत म्हणून: स्पॅमचं काय करता?

स्वतःचा मेल सर्व्हर चालवतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘मग स्पॅमचं काय करता?’ एखादं हुशार सॉफ्टवेअर बसून एकेक मेल वाचत असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं वाचलं जातंही, पण अगदी शेवटी. बहुतेक कचरा मजकूर हाती येण्याआधीच परतलेला असतो.

माझा लाडका पहारेकरी म्हणजे पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅममधलं पोस्टस्क्रीन. जोडणी झाली की आधी सर्व्हरने २२० (‘या, बोला’चा संकेत) म्हणायचं, मगच समोरच्याने तोंड उघडायचं, हा एसएमटीपीचा, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याच्या पद्धतीचा, रिवाज. पोस्टस्क्रीन २२०ला आडवी रेघ जोडून पाठवतं, म्हणजे ‘माझं बोलणं अजून संपलेलं नाही’, आणि ६ सेकंद गप्प बसतं. खरा सर्व्हर थांबतो. स्पॅम बॉटला पुढे हजारो दारं वाजवायची असतात, त्याला कुठला धीर! तो मध्येच बोलून मोकळा होतो आणि पकडला जातो. मात्र मुळात ही चाचणी नुसती नोंद करून सोडून देते. पकडलेल्याला अडवायचं तर सेटिंगमध्ये ‘एन्फोर्स’ आपण लिहायचं असतं.

मग ब्लॉकलिस्ट, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या याद्या. त्या डीएनएसमधून, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्ता वहीतून, विचारायच्या असतात. इथे एक खड्डा आहे. सर्व्हरवर एखादा मोठा सार्वजनिक डीएनएस लावला असेल, तर स्पॅमहाउस ही यादीवाली संस्था त्याच्यामार्फत आलेल्या प्रश्नांना खरं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा ‘त्रुटी आहे’ सांगणारा संकेत देते. आलेलं कुठलंही उत्तर ‘यादीत आहे’ असं धरणारा सर्व्हर मग चांगल्या मेललाही हाकलतो. त्यापेक्षा अनबाउंडसारखा स्वतःचा डीएनएस चालवावा.

ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी सर्व्हरला ‘जरा वेळाने या’ सांगणं, मी बंद ठेवलंय. ओटीपीची वाट बघत बसण्याचा मला कंटाळा आहे. एसपीएफ आणि डीकेआयएम या पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याच्या पद्धतींवरही फार भिस्त नको. पाठवणारा कोण ते त्यातून कळतं, भला आहे की नाही ते नाही. स्पॅमवालेही हल्ली दोन्ही व्यवस्थित लावतात.

उरलेलं स्पॅमअ‍ॅसॅसिन हे मजकूर तपासणारं सॉफ्टवेअर वाचतं. त्याचं बेझ गणित, म्हणजे नमुन्यांवरून शक्यता शिकणारा भाग, मुळात स्पॅम आणि चांगले मेल, दोन्हींचे किमान २०० नमुने मिळाल्याशिवाय सुरूच होत नाही. लोक उत्साहाने नुसता स्पॅम भरवतात आणि मग ‘शिकत का नाही’ म्हणून चिडतात.

एक गोष्ट मी कटाक्षाने पाळतो: नाकारायचं ते जोडणी चालू असतानाच, ५५० (नकाराचा संकेत) म्हणून. म्हणजे चुकून एखाद्या भल्या माणसाचा मेल अडला तर त्याला तसं कळतं. स्पॅम आधी घेऊन नंतर परत पाठवला, तर तो खोट्या ‘प्रेषक’ पत्त्यावर, भलत्याच कुणाच्या तरी माथी जातो. असले बाउन्स पाठवत राहिलं तर ब्लॉकलिस्टमध्ये आपलाच नंबर लागतो.

हॅक झालेल्या खऱ्या खात्यांतून येणारे मेल मात्र या सगळ्यातून सहज सुटतात. माझा पत्ता परस्पर विकणाऱ्या साइट्सचा बंदोबस्त वेगळा आहे: प्रत्येक साइटला मी स्वतंत्र पत्ता देतो. त्यावर कचरा यायला लागला की तो पत्ताच बंद.