डी म्हणजे काय?

माझ्या नावात मधे एक डी आहे. ऑफिसच्या आयकार्डवर, ईमेलमध्ये, दाराच्या पाटीवर, सगळीकडे नुसता डी आणि टिंब. परवा बँकेच्या व्हिडिओ केवायसीला समोरच्या मुलीने विचारलं, सर डी म्हणजे काय, पूर्ण सांगा. मी म्हटलं धोंडिबा. ती म्हणाली काय? मी परत सांगितलं, मग स्पेलिंग सांगायला लागलो, डी एच ओ एन डी... आणि इथे आवाज गेला. नेटवर्क गेलं की तिने हसायला म्यूट केलं देव जाणे. मागून बायको किचनमधून ओरडली, अहो मोठ्याने सांगा की, लाजताय काय.

लाजतोच ना. पन्नाशी आली तरी.

धोंडिबा म्हणजे आमचे आबा. गाव जावळी तालुक्यातलं, आणि आमच्याकडच्या निम्म्या गावासारखेच तेही माथाडी. आधी मस्जिद बंदरला, मग मार्केट वाशीला आलं तसे मार्केटमागून आबा आणि आबांमागून आम्ही कोपरखैरण्याला. डोक्यावर शंभर शंभर किलोची पोती वाहिलेला माणूस, मान अजून जराशी पुढे असते, आणि नाव धोंडिबा. टोळीत सगळे धोंडीआबाच म्हणायचे, त्यात कुणाला काही गंमत वाटायची नाही कारण तिथे दगडू होता, केरबा होता, एक उकिर्डा पण होता म्हणे. गंमत वाटायची ती शाळेत. सर हजेरी घेताना पूर्ण नाव घ्यायचे, आणि माझं मधलं नाव आलं की मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी खुसखुस करायचं.

मग एक दिवस पुस्तकात महर्षी कर्व्यांचा धडा आला. धोंडो केशव कर्वे. जन्म १८५८, विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं, वयाची शंभरी गाठली त्या वर्षी, १९५८ ला, भारतरत्न. सरांनी नाव तीनदा तरी घेतलं असेल, वर्गात एक जण हसला नाही. मी घरी येऊन आबांना म्हटलं, तुम्ही नाव धोंडो करून घ्या. आबा जेवत होते, म्हणाले, का, पगार वाढतो का?

तेव्हा कळलं नाही पण आता वाटतं अख्खा महाराष्ट्र त्या एका मात्रेत बसलाय. दगड तोच. काना-मात्रा लावून धोंडो केलं की माणूस पगडी घालून कागदावर सही करतो, पुढे पंत लागतो. ऊकार दिला की धोंडू, तो नाटकात चहाचा ट्रे घेऊन येतो. बा लावला की धोंडिबा, मेंढरामागे किंवा पोत्याखाली. चिंतो, नारो, गुंडो ही सगळी जुन्या दप्तरातली ओकारवाली मंडळी, आणि तेच गुंडू म्हटलं की लगेच एकेरीत. कुणी ठरवून केलं असं नाही, पण कानाला बरोब्बर कळतं कुणाला अहो म्हणायचं आणि कुणाला अरे. मी लहानपणी मागितली होती ती नुसती मात्राच होती.

बरं, आबांचं नाव तरी एक आहे का. शाळेच्या दाखल्यावर धोंडिबा, माथाडी बोर्डाच्या पुस्तकात धोंडू, रेशनकार्डवर धोंडीराम, आणि एका कार्डावर इंग्रजीवरून मशीनने परत मराठी केलंय तिथे ढोंदू. ढोंदू! इंग्रजीत ध आणि ढ एकच, द आणि ड एकच, मशीन बिचारं काय करणार, चार पर्याय होते त्यातला सगळ्यात वाईट उचलला. पेन्शनच्या वेळी हे चारही इसम एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं, खिडकीवरचा माणूस म्हणाला काका एकच नाव धरून चाला की. आबा म्हणाले मी एकच धरलंय, तुम्हीच वेगवेगळं लिहिताय. जन्मतारीख मात्र चारही ठिकाणी सारखी, एक जून. गुरुजींनी घातलेली, त्या काळच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनलाच असतो.

नाव का ठेवलं याच्या घरात दोन गोष्टी आहेत. एक आबा स्वतः सांगतात, की ते धोंड्या महिन्यात जन्मले. धोंड्याचा महिना म्हणजे अधिक मास हो, चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर ३६५ चं, दरवर्षी अकरा दिवस मागे पडतात ते साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक जादा महिना घालून भरून काढायचे. जावयाला अनारसे, पुरणाचे धोंडे, काहीतरी चांदीचं. २०२३ ला श्रावण अधिक आला होता तेव्हा मी सासुरवाडीला तेहेतीस अनारसे समोर ठेवून बसलो होतो, शुगर तपासायच्या आदल्या दिवशी. तर या जादाच्या महिन्यात झालेला म्हणून धोंडू, असं आबांचं म्हणणं, आणि असं नाव पडलेले खरंच पुष्कळ असतात.

दुसरी गोष्ट आजीची, ती आबा कधी सांगत नाहीत. आबांच्या आधी दोन पोरं गेली होती. एक बारशानंतर थोड्याच दिवसांत, दुसरं चांगलं रांगायला लागलेलं. गोरं होतं, सगळे उचलून घ्यायचे, आजी म्हणायची त्यालाच दृष्ट लागली. म्हणून तिसरं झालं तेव्हा काय पोरगा झाला बिरगा कुणाला सांगितलं नाही, कपाळाला काजळाचा हा एवढा फराटा ओढला आणि नाव ठेवलं धोंडा. यमाने यादी बघितली तर त्याला वाटावं दगड आहे, कशाला उचला. केरू, कचरू, भिकू, दगडू सगळी त्याच घाबरटपणातून आलेली नावं. नाक टोचून नथ घालायचे तो नथू. कुठे पोर शेजारणीच्या ओटीत टाकून मूठभर कोंडा देऊन परत विकत घ्यायचे, तो कोंडाजी. आपल्याला वाटतं जुन्या लोकांना नावं ठेवता येत नव्हती. येत होती की, पहिल्या दोघांची काय सुंदर नावं होती. एक श्रीपती आणि एक, जाऊ दे, आजी घ्यायची नाही ते नाव.

आणि नाव काम करायचं बरं का. आमच्या इथून जवळच, कर्जतजवळच्या वेणगावात १८२४ साली एक धोंडोपंत जन्मले, पुढे दत्तक जाऊन नानासाहेब पेशवे झाले. सत्तावननंतर इंग्रजांनी डोक्यावर लाखाचं बक्षीस लावलं, वर्षानुवर्षं शोधलं, तोतये पकडले, खरे काही हाती लागले नाहीत. दगडाकडे कुणी बघत नाही म्हणतात ते असं. पुण्यात तर उलटं झालं, दगडूशेठ हलवाई म्हणजे खरं तर मिठाईच्या व्यापाऱ्याचं नाव, आता लोक गणपतीलाच दगडूशेठ म्हणतात, चला दगडूशेठला जाऊन येऊ, आणि त्या नावात दगड आहे हे कुणाला ऐकूच येत नाही.

काही शिकलेली मंडळी समजूत घालतात की धोंडो म्हणजे धुंडिराजचं लाडकं रूप, काशीतला ढुंढिराज गणपती, फाळक्यांचं नाव पण धुंडिराजच, सिनेमावाले दादासाहेब. असेलही कुठल्या घरात. आमच्या घरात नाही. आमचा धोंडा नदीतला.

बाकी हे नाव आता कुणी ठेवत नाही पण गेलेलंही नाही, ते मधे जाऊन बसलंय. मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लावायची आपली पद्धत, त्यामुळे ते एका अक्षरात टिकून राहिलं. र. धों. कर्वे. ना. धों. महानोर. सगळा महाराष्ट्र रधों, नाधों म्हणतो, त्या धों वरचं टिंब उघडून आत बघायला कुणी जात नाही. त्यांनी निदान धों तरी लिहिलं. मी डी वर आणून ठेवलं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे धाकट्या भावाला मुलगा झाला. स्वाती नक्षत्र, अक्षरं रू रे रो ता. महिनाभर फॅमिली ग्रुपवर नुसता धिंगाणा, युनिक पाहिजे, छोटं पाहिजे, परदेशात उच्चारता आलं पाहिजे. शेवटी रेयांश ठरलं. अर्थ विचारला तर भाऊ म्हणाला सूर्याचा अंश. मला तरी त्यातला रे इंग्रजी वाटतो आणि अंश संस्कृत, पण मी गप्प बसलो, डी वाल्याने बोलू नये. त्यांच्या घणसोलीच्या सोसायटीत एक रेयांश आधीच आहे, एक रेवांश आहे, एक रियांश सी विंगला. खाली उभं राहून यांश म्हणून हाक मारली तर अर्धं प्लेग्राउंड वळून बघेल. मी सहज म्हटलं, खरंच युनिक पाहिजे तर अख्ख्या घणसोलीत एकही नाही असं नाव आपल्या घरातच आहे. भावजय हसली आणि तिने विषय बदलला. बरोबरच आहे म्हणा, मी तरी माझ्या मुलाचं ठेवलं होतं का.

बारसं सोसायटीच्या हॉलमध्ये. फुग्यांची कमान, थर्माकोलचा चंद्र, भाड्याने आणलेला पाळणा. सगळं झालं आणि आई म्हणाली वरवंटा कुठाय? आधी पाळण्यात वरवंटा घालायचा असतो, त्याला कुंची घालायची, हळदीकुंकू लावायचं, पाळण्याखालून वरून फिरवायचा आणि मग बाळ. भावाकडे मिक्सर दोन, वरवंटा कुठला. तो मोबाईल काढून दहा मिनिटांत येतो का बघायला लागला. तेवढ्यात आबांनी आपली कापडी पिशवी उघडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला आमचा जुना, गावाहून आणलेला काळा वरवंटा बाहेर काढला. एका बाजूने झिजलेला. सकाळपासून मांडीवर पिशवी घेऊन बसले होते, मला वाटलं डबा आहे.

भावजयीच्या आईने त्याला नवी कोरी गुलाबी कुंची बांधली. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, या हातातून त्या हातात दगड फिरला, बायकांनी अगदी मान सांभाळून घेतला. मग पाळण्यात निजवला, दोन झोके दिले. मी आबांकडे बघत होतो. ते पाळण्याकडे बघत होते. मग दगड उचलून कडेला ठेवला आणि त्या जागी बाळ आलं, माझी बहीण, म्हणजे आत्या, त्याच्या कानाशी वाकून कुर्रर्र करायला लागली, पाठीवर धपाटे, टाळ्या, केक.

गर्दी पांगल्यावर मी वरवंट्याची कुंची सोडून तो पिशवीत घालत होतो तर आबा म्हणाले, राहू दे इथंच. मिक्सर बंद पडला की कामाला येतो.