किरण आला की आली?

आमच्या बेळगावात ‘किरणचा फोन आला होता’ एवढ्यानं भागत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘कुठला? अनगोळचा, की बँकेतली?’ ऐंशीच्या दशकात जन्मलेल्या पोरांच्या इथल्या कुठल्याही वर्गात एक किरण मुलांच्या बाकावर आणि एक मुलींच्या बाकावर सहज सापडायची. त्यांच्या बारशांच्या काळात टीव्हीवर यष्टीमागून किरण मोरे अपील करत असायचे आणि पेपरात किरण बेदींचा फोटो असायचा. कुणाकडे बघून नाव ठेवलं ते ज्याच्या त्याच्या आईबापांना ठाऊक. मला विचाराल तर खरं कारण पंचांगात आहे. मृग नक्षत्राच्या चौथ्या चरणाचं अक्षर ‘की’. मुलगा झाला तर किशोर, मुलगी झाली तर कीर्ती, आणि बारशाच्या आदल्या रात्रीपर्यंत घरात एकमत झालंच नाही तर किरण!

बरं, शब्दाचं स्वतःचं लिंग बघायला जावं तर तिथंही पंचाईत. मराठीत सूर्याचा किरण, पण अनेकवचनात आपण बिनदिक्कत ‘किरणे’ म्हणतो. हिंदीत तीच ‘सूरज की किरण’. कानडीत देव-माणसं सोडली तर बाकी सगळं नपुंसकलिंगी, म्हणजे किरणही त्यातच. खडेबाजारात तिन्ही भाषा एका दमात बोलल्या जातात, तिथं या नावानं कुणाची बाजू घ्यावी?

उच्चाराची तऱ्हा आणखी वेगळी. आपण ‘ण’वर ब्रेक लावून मोकळे होतो. कानडीत शेवटचं अक्षर पुरतं म्हणतात. तिथं ‘ण’चा पाय मोडून लिहिला नाही, तर वाचणारा सरळ ‘किरणऽ’ म्हणणार. ते ऐकून एखाद्या कारकुनानं इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एक ‘ए’ चिकटवला, की मुलाचं नाव थेट किराणा दुकानाच्या पाटीवर जाऊन बसतं.

निपाणी-चिक्कोडीकडच्या शीतलची गोष्ट याहून गमतीची. तिकडच्या जैन घरांत शीतल म्हणजे बहुधा पुरुष, चांगला मिशीवाला. दहावे तीर्थंकर शीतलनाथ, त्यांच्यावरून आलेलं नाव. पुण्याहून पत्रिका येते ती मात्र ‘सौ. शीतल’ यांना. बेंगळुरूकडे नुसता ‘टी’ लिहिला तर ‘ट’ वाचतात, म्हणून तिथं याचा होतो ‘शीटल’. ते टाळायला ‘टी’पुढे ‘एच’ लावावा, तर पुणेकर ‘शीथल’ म्हणतात. एवढं सोसून गडी शांत असतो, नावाला जागतो म्हणायचं.

मुलाला-मुलीला एकच नाव हे नवं फॅड आहे असं हल्ली ऐकू येतं, तेव्हा मला हसू येतं. आमच्या खेड्यांतली जुनी नावं बघा. यल्लाप्पा-यल्लव्वा, नागाप्पा-नागव्वा, भरमाप्पा-भरमव्वा. नाव देवाचं, ते पोराला तेच आणि पोरीलाही तेच. पोरगा की पोरगी हे सांगायचं काम मागच्या अप्पा-अव्वाचं. सौंदत्तीच्या यल्लम्माला नवस बोलताना नाव आधीच ठरलेलं असायचं, शेपूट तेवढं बाळ झाल्यावर लागायचं. किरणची सोयही गल्लीनं तशीच लावली. किराणावाल्याला तो किरणअण्णा, शेजारणीला ती किरणक्का. लग्नपत्रिकेत एक ‘चि.’ आणि दुसरी ‘चि. सौ. कां.’. घोटाळा होतो तो मोबाईलमध्ये, कारण तिथं नंबर सेव्ह करताना आपण अण्णा-अक्का गाळतो.

आता बारशाला किरण हे नाव फारसं निघत नाही. आईबाप मोबाईलवर नावं शोधतात. पुण्यात, बेंगळुरूत आणि अमेरिकेत सारखंच वाचता येईल असं हवं असतं. परवा शहापुरात एका बारशाला गेलो होतो. मुलीच्या आत्यानं बाळाच्या कानात ‘कुर्र’ केलं, पाठीत धपाटे खाल्ले आणि नाव सांगितलं, ‘ओजस’. पणजीनं दोनदा विचारून घेतलं, ‘पोरगीच न्हवं?’ खात्री पटल्यावर पाळण्याला झोका देत ती म्हणाली, ‘ओजव्वा, झोप गं माझे बाय.’ शेजारच्या कानडी मावशींचं एव्हाना ‘ओजस्सु’ करून झालं होतं. बाळाचा बाप दाखल्याच्या अर्जावर पेन धरून बसला होता, शेवटी ‘एस’ एक लावावा की दोन.