सहीखालची रेघ

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

आज ४७ सह्या झाल्या. मी मोजल्या नाहीत, शेवटची फाइल उचलताना शिपाईकाका म्हणाले, "मॅडम, आज अर्धशतक हुकलं." प्रभारी प्राचार्य होऊन आज सहा आठवडे झाले. त्याआधी २२ वर्षं याच कॉलेजात संगीत शिकवलं आणि प्राचार्यांच्या केबिनमध्ये फार तर दहा-बारा वेळा गेले असेन. त्यातही निम्म्या वेळा तबल्याची शाई निघाली म्हणून पैसे मागायला. तो अर्ज आता माझ्याच टेबलावर येतो. परवा आला. 'पुढील बैठकीत विचारार्थ' असं लिहून मी तो बाजूला सारला. पाच मिनिटांनी लाज वाटली, पुन्हा ओढून घेतला आणि मंजूर केला.

सहीखाली रेघ मारायची मला जुनी सवय. आज दुपारी मस्टरवर सही करताना एकदम जाणवलं, भातखंडे लिपीत, म्हणजे पंडित भातखंड्यांच्या स्वर लिहायच्या पद्धतीत, स्वराखाली आडवी रेघ म्हणजे स्वर कोमल, थोडा उतरलेला. म्हणजे दिवसातून ४७ वेळा मी माझं नाव कोमल करतेय. हसू फुटलं. समोर दोन बाहेरचे परीक्षक बसले होते, त्यांना वाटलं मी त्यांच्या प्रवासभत्त्याच्या बिलाला हसले.

येताना लोकलमध्ये दादरला खिडकी मिळाली आणि घरी पोचेपर्यंत डोक्यात अण्णासाहेब होते. म्हणजे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, गवई, बंदिशकार आणि माझ्यासारखेच कॉलेजचे प्राचार्य. सहा आठवडे झाले, रोज कुठल्या ना कुठल्या निमित्ताने आठवतात. पोरगा मुंबईचा. आधी कृष्णम् भटांकडे स्वरांची घोटाई, मग भातखंड्यांची तालीम, पुढे बडोद्याला थेट आग्रा घराण्याच्या फैयाज खाँसाहेबांचा गंडा, म्हणजे रीतसर शिष्यत्व. एवढं करून १९२६ला चौपाटीच्या विल्सन कॉलेजातून बी.ए. त्याच वर्षी भातखंड्यांनी लखनौला संगीताचं मॅरिस कॉलेज काढलं आणि १९२८मध्ये, तिशीही गाठली नव्हती तेव्हा, हे तिथले प्राचार्य झाले. मी पन्नाशीला आलेय आणि माझी तारांबळ बघवत नाही.

त्या वेळी 'संगीताचं कॉलेज' हीच गोष्ट नवी होती. गाणं म्हणजे उस्तादाच्या घरी राहून, त्यांच्या मर्जीने, मिळेल तेव्हा मिळेल तेवढं. आता तेच घंटेच्या ठोक्यावर शिकवायचं, हजेरी घ्यायची, परीक्षा घ्यायची, नापासही करायचं. बडा ख्याल, संथ लयीत सावकाश फुलणारं ते गाणं, तासात बसत नाही. मला विचारा! आलाप कुठे जरा रंगात येतोय तोवर बाहेर अर्थशास्त्राची पोरं दार वाजवतात. पण अण्णासाहेबांनी जवळजवळ तीन दशकं हे निभावलं. मग १९५७ला पद्मभूषण आणि खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाचं कुलगुरूपद, म्हणजे आणखी मोठी खुर्ची.

मध्ये आकाशवाणीचं प्रकरण. केसकर नभोवाणी मंत्री होते तेव्हा कलावंतांच्या ध्वनिचाचण्या सुरू झाल्या आणि त्या कामात पुढे अण्णासाहेब. आयुष्यभर मैफली गाजवलेल्या लोकांनी परीक्षेला बसायचं म्हणजे काय? मंडळी बिथरली, इथे मुंबईतही. कल्पना योग्य होती की नव्हती यावर आमच्याकडे अजून वाद घालता येतो. मला मात्र एवढंच दिसतं की जो माणूस कालपर्यंत शेजारी बसून दाद देत होता, तोच आज टेबलापलीकडे गुण देतोय. हे टेबल काय करतं ते मला आता कळतं. आमच्या विभागातली माझी मैत्रीण, १८ वर्षं एका डब्यात जेवलो, काल रजेचा अर्ज घेऊन आली आणि "बसू का?" म्हणून विचारलं तिने.

आमचे सर नेहमी म्हणायचे, "अगं, खुर्ची आली की तानपुरा भिंतीला जातो." अण्णासाहेबांबद्दलही एक हळहळ मी शिकत असल्यापासून ऐकत आलेय, की एवढा मोठा गवई शिकवण्यात आणि कारभारात खर्ची पडला, आवाज गेला. उत्तरायुष्यातली ध्वनिमुद्रणं ऐकली की आवाज दमलेला वाटतो हे खरंच. पण त्या दमलेल्या आवाजात राग असा उभा राहतो की पहिल्या दोन मिनिटांनंतर मी आवाजाचा विचारच सोडून देते. 'खर्ची पडला' हे मला पटत नाही. गिंडे, एस. सी. आर. भट, कायकिणी, चिदानंद नगरकर, सुमती मुटाटकर, व्हायोलिनवाले व्ही. जी. जोग ही सगळी त्याच तासांमधून निघालेली माणसं. गिंडे तर अकराव्या वर्षी लखनौला त्यांच्याकडे गेले. यातले निम्मे पुढे मुंबईत आले आणि गंमत म्हणजे तेही शिकवण्याच्या नादी लागले: गिंडे शीवला वल्लभ संगीतालयात, नगरकर आणि कायकिणी भारतीय विद्या भवनात. आमचे सर त्यातल्याच एकाकडे शिकले. म्हणजे तो कारभार झाला नसता तर माझ्या गळ्यात आज जे काही आहे तेही नसतं.

आणि बंदिशी! 'सुजान' हे नाव घालून केलेल्या शेकडो चिजा, 'अभिनव गीतमंजरी'चे भाग. रजनी कल्याण, सालगवराळीसारखे स्वतः बांधलेले राग. हे सगळं कधी केलं असेल, मला वेळापत्रक हवंय. खरंच. सकाळी? बिलं पास करून झाल्यावर? टांग्यात? मला तर लोकलमध्ये खिडकी मिळूनही एक मुखडा सुचत नाही, डोक्यात नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, अहवालातला चौथा निकष फिरत असतो.

घरी आल्यावर तानपुऱ्याची खोळ काढली. जोडीतली एक तार तुटून गुंडाळी होऊन भोपळ्यावर पडली होती. कधी तुटली, मला पत्ता नाही. पूर्वी घरात तार तुटली की आतल्या खोलीतून कळायचं मला. डब्यात जुनी तार सापडली, ती चढवली. तारेला गुंजन देणारा जवारीचा दोरा मळून काळा झाला होता, शिलाईच्या डब्यातला पांढरा घेतला आणि घोडीवर पुढे-मागे सरकवत बसले. दहा मिनिटं नुसता फट् फट्. मग एकदाचा षड्ज उघडला. वरच्या मजल्यावरच्या आजी झोपल्या असतील म्हणून गायले नाही, तार छेडत राहिले फक्त. हे आतून आले, काही बोलले नाहीत, पंखा एकवर करून गेले.

उपप्राचार्यांनी पुढच्या सत्राचं वेळापत्रक सहीसाठी दिलंय. गुरुवार, पहिला तास, सकाळी साडेसात, द्वितीय वर्ष, संगीत. समोर लिहिलंय 'तासिका तत्त्वावर, नाव नंतर'. ते खोडून मी माझं नाव लिहिलं. उद्या ते ओरडतील, प्राचार्यांनी तास घ्यायचे नसतात, कुणी भेटायला आलं तर काय सांगायचं वगैरे. खाली सही केली. रेघ मारली नाही.