ऑइलचा बझर आणि चुकीची डिपस्टिक

ऑइलचा लाल दिवा लागला म्हणजे ऑइल कमी झालं, असं बहुतेक गाडीवाले समजतात. म्हणून ते म्हणतात, "घरी जाऊन टॉप-अप करतो." पण तो दिवा पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. ऑइलचं चेंबर काठोकाठ भरलेलं असलं तरी ऑइल पंपाची जाळी चिकट गाळाने बुजली किंवा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला, तर दाब पडतो. दाब नसला की क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा, आणि बेअरिंग यांच्यामधला ऑइलचा पातळ थर नाहीसा होतो. ती फट मिलिमीटरच्या काही शंभरांश भागाएवढी असते. त्या फटीत ऑइल नसेल तर धातूवर धातू घासतो, आणि वेगात असलेल्या गाडीचं इंजिन काही सेकंदांत कामातून जाऊ शकतं.

मी गाड्यांचं वायरिंग करतो. माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ जुन्या पेट्रोल गाडीला ऑइलचा बझर लावून घ्यायला आले होते. त्यांच्या गाडीचं इंजिन आधी एकदा हायवेवर जाम झालं होतं. दुपारचं ऊन थेट मीटरवर आणि दिवा नेमका स्टिअरिंगच्या दांडीआड, त्यामुळे तो कधी लागला ते त्यांना कळलंच नाही. इंजिन पूर्ण खोलून काम झालं होतं, गाडी नुकतीच हातात आली होती. "दिसलं नाही तरी ऐकू आलं पाहिजे," एवढीच त्यांची मागणी. मला ती शंभर टक्के पटली. गाडी चालवणाऱ्याचे डोळे रस्त्यावर असतात आणि तिथेच असायला हवेत. मग इंजिनाच्या जिवावर बेतणारी गोष्ट नखाएवढ्या दिव्यावर का सोडायची?

अशा कामात मी वायरला हात लावण्याआधी चावी फिरवतो. इंजिन बंद आणि इग्निशन चालू असताना ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. या गाडीत बॅटरीचा लागला, हँडब्रेकचा लागला, ऑइलचा नाही. काका म्हणाले, "नाही लागला ते बरंच की, म्हणजे ऑइल ठीक आहे." मी म्हटलं, "काका, इंजिन बंद आहे. दाब शून्य आहे. दिवा आत्ता लागत नसेल, तर गरज पडेल तेव्हाही लागणार नाही."

ऑइलच्या दाबावर हा दिवा लावणारा-विझवणारा एक स्विच इंजिनवर असतो. त्या स्विचची वायर काढून इंजिनच्या ब्लॉकला टेकवली, दिवा लख्ख लागला. म्हणजे बल्ब ठीक, वायर ठीक, घोटाळा स्विचपाशी. स्विच सोडवला तर आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थरावर थर. गळू नये म्हणून कोणीतरी काळजीने गुंडाळले असणार. पण एका वायरीच्या स्विचला अर्थिंग मिळतं ते त्याच्या आट्यांतूनच. इंजिन बंद असताना आतला कॉन्टॅक्ट जोडलेला असतो, करंट बल्बमधून येऊन स्विचच्या अंगातून ब्लॉकमध्ये जातो आणि दिवा लागतो. इंजिन चालू होऊन दाब साधारण 0.3 ते 0.5 बारच्या वर गेला की आतला पडदा कॉन्टॅक्ट उचलतो आणि दिवा विझतो. या स्विचच्या अंगाभोवती टेपचं जाड वेष्टण होतं, करंट जाणार कुठून? शिवाय टर्मिनलच्या बुडाशी ऑइल पाझरत होतं, म्हणून नवाच स्विच बसवला. आटे कोरडे पुसले आणि सीलंट फक्त कडेला, तेही नावाला.

बझर जोडणं यापुढे सोपं होतं. अशा जुन्या गाडीत बझरची प्लस वायर इग्निशनच्या फ्यूजवरून घ्यायची आणि मायनस स्विचच्या वायरीला जोडायची. बझर दिव्याला समांतर बसतो, दिवा लागला की तोही वाजतो. स्वतंत्र छोटा फ्यूज टाकला, इंजिनच्या बाजूची वायर उष्णता सोसणाऱ्या स्लीव्हमधून नेली आणि बझर डॅशबोर्डच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या वर बसवला. दिव्याचा सिग्नल कॉम्प्युटरमधून जातो अशा नव्या गाडीत मात्र मूळ वायर कापून काही जोडू नये. तिथे मूळ स्विचच्या जागी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून वेगळा स्विच बसवावा. तो टी लांबलचक पितळी नसावा, कारण थरथरीने मानेपाशी तडकला तर सगळं ऑइल बाहेर. मी तिथून लवचीक नळी बाहेर आणून स्विच गाडीच्या बॉडीवर बसवतो आणि त्याला अर्थिंगची वेगळी वायर देतो.

चावी फिरवली, बझर वाजला. स्टार्टर मारला, बझर क्षणात थांबला. काम झालं असं समजून आम्ही चक्कर मारायला निघालो. इंजिन गरम होईपर्यंत सगळं शांत. मग पुढे एक वळण आलं, काकांनी जरा जोरात ब्रेक मारला आणि बझर 'टीं' करून गप्प झाला.

"लूज राहिलंय कुठेतरी," काका म्हणाले. वायर लूज असती तर खड्ड्यात वाजला असता. हा ब्रेकवरच वाजत होता, परत मारला तर परत. आणि तो वाजताना दिवाही पापणी लवावी तेवढाच चमकायचा. नुसता दिवा असता तर हे कोणाच्याही लक्षात आलं नसतं.

परत येऊन स्विचच्या जागी प्रेशर गेज जोडला आणि लांब नळीने तो काचेबाहेर वायपरपाशी बांधला, म्हणजे चालवताना समोर काटा दिसतो. गरम इंजिनला आयडलवर दीड बारच्या आसपास, 3000 आरपीएमला साडेतीन. पंप आणि बेअरिंग उत्तम. सपाट रस्त्यावर काटा जागचा हलत नव्हता. ब्रेक दाबला की मात्र साडेतीनवरून थेट तळाला, पाय उचलला की परत वर. ऑइल पुढच्या बाजूला धावत होतं आणि मागे असलेली पंपाची जाळी उघडी पडून हवा ओढत होती.

असं होतं ते ऑइल कमी असलं की. पण डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, वरच्या खुणेपर्यंत भिजलेली! काकांनी दोनदा पुसून दाखवली. मी ऑइल काढायचं ठरवलं. ट्रेमध्ये निथळू दिलं, फिल्टर काढून तोही पालथा घातला, मग मापून पाहिलं. गाडीच्या पुस्तकात फिल्टरसह साडेचार लिटर लिहिलंय, हातात आलं तीन लिटरही नाही. मग त्या पट्टीकडेच नीट बघितलं. हँडलची घडण वेगळी, रंग वेगळा. दुसऱ्या कुठल्यातरी इंजिनाची होती ती. लांबीला जास्त असल्यामुळे चेंबरात खोलवर जायची आणि तिची वरची खूण हवी त्यापेक्षा बरीच खाली पडायची. खोलून जोडताना पट्ट्यांची अदलाबदल झाली असावी.

काकांचा चेहरा उतरला. नुकत्याच बांधलेल्या इंजिनाला काही झालं का, हाच त्यांचा प्रश्न. फिल्टर कापून कागदाच्या घड्या उजेडात एकेक उलगडून पाहिल्या. बेअरिंग घासलं तर तिथे चमकणारी धातूची चूर दिसते. तशी काही नव्हती, ट्रेच्या तळालाही नाही. योग्य पट्टी मागवली, नवा फिल्टर बसवला, मापून साडेचार लिटर भरलं, इंजिन फिरवून बंद केलं आणि ऑइल खाली उतरू दिलं. पट्टी बरोबर वरच्या खुणेवर भिजली. गेजसकट पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच वळणावर ब्रेक मारले. काटा जागेवर राहिला.

निघताना काकांनी विचारलं, "चावी फिरवली की दरवेळी हा ओरडणारच का? तेवढं बंद करता येईल ना?" येतं. बझरची प्लस वायर अल्टरनेटरच्या चार्जिंग दिव्याच्या टर्मिनलवरून घेतली की इंजिन चालू होईपर्यंत तो गप्प राहतो. पुष्कळ जण तसं करून देतात. मी नाही म्हटलं. स्विचची वायर तुटली तर या सर्किटमध्ये दिवाही लागत नाही आणि बझरही वाजत नाही. चावीबरोबर होणारा तो आवाज म्हणजे स्विच, वायर, अर्थिंग आणि बझर या चारही गोष्टी जिवंत असल्याची रोजची तपासणी. शिवाय तशा जोडणीत अल्टरनेटर बिघडला तर बझरही मुका होतो. ज्या दिवशी चावीला वाजणार नाही, त्या दिवशी गाडी काढू नका, असं त्यांना सांगितलं. आणि चालताना वाजला तर पेट्रोल पंपापर्यंत जाऊ म्हणायचं नाही. गाडी कडेला घ्यायची, इंजिन लगेच बंद करायचं, पट्टी बघायची आणि पातळी बरोबर असली तरी पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, टो करून आणायची.

काकांनी बझर तसाच ठेवला. मी फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली: बझर कुठून जोडलाय, स्विचला टेफ्लॉन लावू नये, आणि चावीला वाजतो तो बिघाड समजून वायर कापू नये. पुढे त्या गाडीला जो कोणी हात लावेल, त्याच्यासाठी.