हार्डटॉप चढवण्याचा दिवस

पावसाळी ढग दिसू लागले की मी माझ्या एमजीबीवर, म्हणजे उघड्या टपाच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवर, हार्डटॉप (काढता-घालता येणारं कडक छप्पर) चढवतो. एकट्याने ते करू नये, हे माझं ठाम मत आहे. मी एकदा केलं आणि मागच्या पत्र्यावर बोटभर लांब ओरखडा उठला. तो अजून आहे. आता भाऊ एका बाजूला, मी दुसऱ्या, आणि मागच्या डिकीवर जाड घोंगडी.

छप्पर आधी पुढच्या काचेच्या चौकटीवर अलगद टेकवायचं. सगळे बोल्ट हातानेच दोन-तीन आटे फिरवायचे, रबर सगळीकडे सारखं बसलंय का ते बोट फिरवून बघायचं, मगच पाना लावायचा. एक बाजू आधी आवळली की दुसरीकडे फट राहते आणि पाणी नेमकं तिथूनच मांडीवर ठिबकतं. रबराला मी सिलिकॉन ग्रीस लावतो, नाहीतर ते कोरडं पडून कुरकुरतं.

खालचं कापडी छप्पर ओलं असताना कधीही घडी घालू नका. महिनाभर कोंडलं की बुरशी आलीच.

दिसण्याच्या बाबतीत मात्र १९६३ ची मर्सिडीज २३० एसएल मला सर्वांत सुंदर वाटते. तिचं छप्पर मध्ये किंचित खोलगट, कडांना उंच. चीन-जपानकडच्या पॅगोडा मंदिरांच्या छपराची आठवण होते, म्हणूनच तिला 'पॅगोडा' म्हणतात. त्या उंच कडांमुळे काचा मोठ्या झाल्या, आत शिरणंही सोपं झालं.

उद्या सकाळी भाऊ येतोय. घोंगडी आत्ताच झटकून ठेवली आहे.